खोपटला राहिलेली बाटली

डोंबिवली (पूर्व)
७ सप्टेंबर २०२५

क्षिप्रा,

तक्रार गंभीर आहे, म्हणून मायना आखडता घेतला आहे.

तू घर सोडलंस त्या दिवसापासून आपल्या कुकरला शिट्टी नाही. तीन वर्षं आणि तीन महिने मी भात पातेल्यात शिजवतो आणि डाळीवर झाकण ठेवून त्याच्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवतो. बावीस वर्षं महापालिकेविरुद्ध लेखणी चालवणारा माणूस तुरीच्या डाळीपुढे हात टेकतो, हे शोभत नाही. दुकानात नवी शिट्टी मिळते हे मला ठाऊक आहे. भांडीवाल्याने कुकरची कंपनी विचारली, लिटर विचारले आणि शेवटी म्हणाला, जुनी शिट्टी नमुन्याला आणा. जुनी असती तर नवी कशाला मागितली असती, असं मी विचारलं. तर म्हणाला, तुम्ही पेपरात लिहिता ना? मी घरी आलो.

दोन बॅगा, बियाण्यांचे सात डबे, तुझ्या आईची विळी आणि शिट्टी. तू काय काय नेलंस ते मला पाठ आहे.

आता तुझ्या पोस्टकार्डाबद्दल. तीन वर्षांतलं पहिलं, म्हणून पुन्हा उतरवून काढतो. "मळणी यंत्र ओढायला जुनी डिझेल पिकअप हवी. एरवी खत, भात, पेंढा वाहायचा आहे. कळव्याच्या साईनाथला दाखवून घ्यावी. मळणी नोव्हेंबरात. पैशाचं रसिकाशी बोलले आहे." पाच वाक्यं. त्यात आपल्या जुन्या गाडीचा मेकॅनिक आहे, आपली लेक आहे, पेंढासुद्धा आहे.

रसिकाचा बंगळुरूहून फोन आला. म्हणाली, "बाबा, आईने स्वतःहून काम सांगितलंय. विनोद करू नकोस." मी म्हटलं, मग काय करू? म्हणाली, "गाडी बघ."

तिच्याकडूनच कळलं की गेल्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याने तुम्हाला चार दिवस टांगून ठेवलं. तुमचं यंत्र पाच पाड्यांतल्या बायकांनी मिळून घेतलेलं, पण ते ओढून न्यायला त्याचाच ट्रॅक्टर. तो आला तोवर अवकाळी पावसाने उडव्यांत रचून ठेवलेलं भात काळं पडलं. यंदा तसं होऊ नये. मी बघतो गाडी.

एक गोष्ट मात्र पुन्हा नोंदवून ठेवतो. खोपटच्या एसटी डेपोत त्या दिवशी माझी मुरबाडची बस चुकली ती सुट्ट्या पैशांमुळे. तू खिडकीशी बसली होतीस, शेजारच्या सीटवर माझा रुमाल होता. मी "आलोच, पाण्याची बाटली घेऊन" म्हणून उतरलो. स्टॉलवाल्याकडे सुटे नव्हते. तेवढ्यात बस गेली. हे मी लेखातही लिहिलेलं आहे आणि त्या लेखावर सगळं ठाणे हसलेलं आहे.

तू माझा नंबर बंद केलास ते योग्यच केलंस. फोनवर मी फार बोलतो.

स्वानंद

डोंबिवली (पूर्व)
२१ सप्टेंबर

क्षिप्रा,

पहिली गाडी कल्याणला पाहिली. साईनाथला वेळ नव्हता, म्हणून मी एकटा गेलो. जाताना त्याने फोनवर एवढंच सांगितलं की गाडी थंड असताना सुरू करून बघा.

मालक अतिशय सुसंस्कृत. पांढरा लेंगा, दारात रांगोळी. "आधी चहा घेऊ, मग गाडी." तू मला ओळखतेस. आमच्या घराण्यात दुसऱ्याच्या घरचा चहा नाकारलेला माणूस झालेला नाही. चहा आला, मग चकली आली. मग त्यांना माझे लेख आठवले, ते मला कसं नको असणार? अर्धा तास गेला. मागच्या बाजूला कसलातरी आवाज येत होता. मला वाटलं, पाण्याचा पंप.

मग गाडी पाहिली. किल्ली फिरवताक्षणी सुरू. मी इतका खूष झालो की कळव्याला जाऊन साईनाथला मोबाईलवरचं चित्रीकरण दाखवलं.

साईनाथ तसाच आहे. दाढी पांढरी झाली आहे, पण अजूनही गाडीखालून बोलतो, त्यामुळे आपण त्याच्या पायांशी बोलत असतो.

"सर, बोनेटला हात लावलेला?"

"नाही."

"गरम असणार. तुम्ही आत चहा पीत होतात, तेव्हा मागे गाडी तापवून घेतली त्यांनी. इंजिन थकलेलं असलं की थंड असताना सुरू होत नाय, मग असा पाहुणचार करतात. डिझेल गाडी बघायला गेलं की चहा शेवटी घ्यायचा."

"तोंडावर नाही कसं म्हणणार रे?"

तो बाहेर आला, हात पुसले. "मॅडम म्हणाल्या असत्या."

हे खरं आहे. तू बोनेटवर हात ठेवला असतास आणि मग चहालाही नाही म्हणाली असतीस, आणि मी त्या माणसाची समजूत काढत बसलो असतो. आपलं अठ्ठावीस वर्षं असंच चाललं होतं, आणि मला वाटायचं की त्यात मी चांगला दिसतो.

गाडी नको म्हणून कळवलं आहे. पुढच्या वेळी साईनाथ बरोबर येणार आहे.

आज रविवारचा लेख पोह्यांवर लिहिला. तू वाचत नाहीस, बरं करतेस.

स्वानंद

डोंबिवली (पूर्व)
५ ऑक्टोबर

क्षिप्रा,

तुझं कार्ड मिळालं. "शिट्टी माझ्याकडे नाही. सिलिंडरच्या मागे बघ. गाडी साईनाथ आणून देईल, तू यायची गरज नाही."

सिलिंडरच्या मागे सापडली. तिच्याबरोबर एक आगपेटी, तुझी एक केसांची पिन आणि दोन हजार एकवीसचं विजेचं बिलही सापडलं. शिट्टी चिंचेने घासून लावली. काल तीन शिट्ट्या झाल्या. तिसरीला तू आतल्या खोलीतून "बंद कर रे" म्हणायचीस. मी थोडा वेळ थांबलो. डाळ फार शिजली.

तक्रार मागे घेतो.

आता गाडी. दुसरी ठाण्याला पाहिली, खाडीच्या बाजूला. साईनाथ पहाटे सहाला मला घेऊन गेला, मालक तोंडही धुवायच्या आत. बोनेट गार. गाडी दोन झटक्यांत सुरू झाली. धूर पाहिला: काळा नाही, निळा नाही. इंजिन चालू ठेवून साईनाथने ऑइलचं झाकण उघडून नुसतंच भोकावर ठेवलं. ते थरथरलं, उडालं नाही. म्हणाला, आतून दम आहे. मी खाली वाकून स्प्रिंगचे पाटे मोजले, कारण काहीतरी मोजताना माणूस जाणकार दिसतो.

मग त्याने ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढला. ओढतच गेला, अगदी शेवटपर्यंत, जिथवर कोणी कधी ओढत नाही. शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी होता. त्याने माझ्या नाकाशी धरला. "वास घ्या."

गाळाचा वास. कधीतरी ही गाडी गळ्यापर्यंत पुरात उभी होती. सीट बदलली, रंग नवा दिला, पायाखाली नवं मॅट टाकलं. पट्टा तेवढा गुंडाळून आत लपलेला राहिला.

"वरून सगळं धुतात, सर. आत जे गुंडाळून ठेवलंय ते धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाय."

मी म्हटलं, हे वाक्य मी लेखात वापरू का? तो म्हणाला, "वापरा. पण गाडी घेऊ नका."

तू यायची गरज नाही, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. तू गाडी मागितली आहेस, मला नाही. पण सांगून ठेवतो, चौदा वर्षांनी मी पुन्हा स्टिअरिंगवर बसलो आहे. साईनाथ त्याच्या टेम्पोवर शिकवतो. कळव्याच्या मैदानात मी काल एकाही माणसाला धक्का लावला नाही. एक बकरी जरा घाबरली.

स्वानंद

डोंबिवली (पूर्व)
२६ ऑक्टोबर

क्षिप्रा,

गाडी मिळाली.

दिवाळीत रसिका आली होती. तिने करंज्या विकत आणल्या आणि तू करायचीस तशा नाहीत असं दोघांनीही म्हटलं नाही. पाडव्याला मी कोणाकडून ओवाळून घेतलं नाही. ते असो.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आत, आता टॉवरांनी घेरलेलं एक जुनं आगरी गाव आहे. तिथे धाकू नावाचा माणूस राहतो. साठीचा, छाती पिंपासारखी, आवाज आणखी मोठा. त्याची पिकअप अकरा वर्षांची, आणि एवढ्या वर्षांत तिने वाहिला एकच माल. कप्तान. शर्यतीचा बैल.

गाडीच्या हौद्यात जाड रबर अंथरलेलं. दोन्ही बाजूंना फळ्या, आणि उजव्या फळीला माझ्या खांद्याच्या उंचीवर एक गुळगुळीत खळगा. बैल वळणावर तिथे रेलायचा. साईनाथ गाडीखाली गेला तो वीस मिनिटं बाहेर आला नाही. मग पाय म्हणाले, "चासी एकदम सरळ. जोड नाय, वेल्डिंग नाय. बैलाला हिसका लागू नये म्हणून माणसाने गाडी खड्ड्यातून कधी पळवलीच नाय." क्लच पाहिला, तिसऱ्या गियरमध्ये हँडब्रेक लावून. गाडी जागच्या जागी बंद पडली. हे चांगलं असतं म्हणे. पट्टा मी स्वतः शेवटपर्यंत ओढला. पेंढ्याचा वास.

चहा शेवटी घेतला. धाकूने विचारलं, "गारी कोनाला पायजे?"

"बायकोला. मुरबाडकडे शेती करते. मळणी यंत्र ओढायचंय."

"ती शेती करते न् तू डोंबिवलीला काय करतंस?"

"लिहितो."

"काय?"

"लोकांवर. हसायला येईल असं."

त्याने कप खाली ठेवला. "मंग तू का नाय गेलास तिच्यासंगं?"

क्षिप्रा, या प्रश्नाचं उत्तर मी तीन वर्षं देतो आहे. फडके रोडवर माणसं थांबवून विचारतात, "काय लेखक, सुट्टे आहेत ना आज?" आणि मी ठरलेलं काहीतरी म्हणतो आणि ते हसतात. धाकूने लेख वाचलेला नव्हता. मी बशीतला चहा फुंकत बसलो.

त्याने आग्रह धरला नाही. स्वतःचंच सांगू लागला. कप्तान म्हातारा झाला, त्याचे मागचे पाय गेले. डॉक्टर म्हणाला, आजचा दिवस. "त्या दिशी पुतन्याची हलद होती भिवंडीला. मना लोक बोलले, धाकू, थांब. मी गेलो. हलदीन नाचलो पन. परत आलो तवा गोठा धुवून ठेवलेला." कपाळ पुसून म्हणाला, "सगल्यांना सांगतो, जावा लागला. नाय गेलो असतो तरी चाललं असतं. मना त्याच्याकरं बघवत नव्हतं, म्हनून गेलो."

अंगणात त्याची सून हेमा धान्य निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मामा, हे तुम्ही आमाला कधी सांगितलं नाय."

"तुला गारी विकतंय का मी?" धाकू म्हणाला.

मग त्याने गाडीचा भाव सांगितला आणि दोन अटी. एक, गाडी घेणाऱ्याने स्वतः चालवून न्यायची, ड्रायव्हर पाठवायचा नाही. दोन, त्याच्या दारातून गाडी कधी रिकामी गेलेली नाही. सकाळी कप्तानला पुढे दिसायला हवा म्हणून तो हौद्यात पेंढ्याचा एक भारा टाकायचा. तो भारा घेऊनच गाडी जाईल.

मी हो म्हटलं. मग आठवलं की तू साईनाथला पाठव म्हणाली आहेस. साईनाथ शेजारी उभा होता. तो आभाळाकडे बघायला लागला.

स्वानंद

२७ ऑक्टोबर

क्षिप्रा,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि आता हे लिहितो आहे. छोटं आहे.

स्टॉलवाल्याकडे सुटे होते. माझ्याकडेही होते. बाटली घेऊन झाली होती. बस तिथेच उभी होती. मी स्टॉलच्या मागे गेलो आणि तिथल्या जुन्या मासिकांकडे बघत उभा राहिलो. ड्रायव्हर चढला तेही पाहिलं. बस वळून गेटबाहेर गेली तोवर मी हललो नाही.

कशाची भीती वाटली ते अजून नीट सांगता येत नाही. चिखल, साप, वीज जाणं यांवर मी त्या महिन्यात चार लेख लिहिले होते, पण ते नव्हे. तिकडे तू रोज काहीतरी खरं करणार आणि मी तुझ्या ओट्यावर बसून त्याची गंमत करणार. तुला हसू येईनासं होईल तो दिवस मला दिसत होता. तो बघवला नसता. म्हणून मी आधीच उतरलो आणि त्याचीही गंमत केली.

तो लेख खोटा आहे. माझ्या कात्रणांच्या वहीतून फाडला आहे. त्याने काही होत नाही, पण फाडला आहे.

बाटली मी स्टेशनपर्यंत हातात धरून चालत गेलो. प्यायलो नाही.

स्वा.

डोंबिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर

क्षिप्रा,

बारा दिवस मी पोस्टमनशी इतक्या आदराने बोललो की त्याला संशय आला. काल कार्ड आलं. ते मी इथे उतरवत नाही, कारण ते आता पाठ आहे, पण नंतर कधी आपल्यापैकी कोणी विसरलं तर असावं म्हणून उतरवतो.

"मागे हूक आहे का ते लिहिलं नाहीस. मळणी शनिवारी, १५ तारखेला सुरू. गाडी शुक्रवारपर्यंत हवी. स्टॉलच्या डाव्या बाजूला तुझा निळा शर्ट दिसत होता. कंडक्टरने विचारलं, कोणी राहिलंय का. मी नाही म्हणाले. लेख वाचून वाटलं, तुलाच खरं वाटायला लागलं असेल."

म्हणजे तीन वर्षं तुला माहीत होतं. मी सुट्ट्यांचा हिशेब मांडत होतो आणि तुला शर्टाचा रंग आठवत होता. आणि तो कंडक्टरचा प्रश्न तू एकटीने ठेवून घेतलास. कोणी राहिलंय का. मी तुझ्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं. बहुतेक. मला नक्की सांगता येत नाही.

साईनाथ तुला आणून देईल, हे वाक्य या कार्डावर नाही. मी मागेही पाहिलं.

हूक नव्हता. आता आहे. बैलाला हूक लागत नाही, म्हणून धाकूने कधी बसवला नव्हता. साईनाथने चासीला पट्टी जोडून बसवला, वेल्डिंग दोनदा केलं, मग त्याला साखळी बांधून त्याचा टेम्पो ओढून दाखवला. कागद तुझ्या नावावर करायला दिले आहेत.

ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायला आठ दिवस शिकतो आहे. मागचं डावीकडे जायला हवं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. सगळं उलटं. आणि आरशात बघत, अगदी हळू, थोडं चुकलं की थांबून पुन्हा पुढे यायचं. साईनाथ म्हणतो, "घाई केली ना सर, तर मागचं येऊन पुढच्यालाच आपटतं." पहिल्या दिवशी माझं आपटलं. काल सहा वेळांपैकी चार वेळा बरोबर गेलं. मैदानातली बकरी आता हलत नाही.

रसिकाला सांगितलं, मी जातोय. ती एवढंच म्हणाली, "बाबा, पोचलास की मिस्ड कॉल दे. रेंज मिळाली तर."

स्वानंद

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
तुझ्या ओट्यावर, दुपारी

क्षिप्रा,

तू घरी नाहीस. शेजारच्या योगिनीताई म्हणाल्या, वरच्या पाड्यावर यंत्राला तेलपाणी करायला गेली आहे, येईल तासाभरात. मी कोण ते त्यांनी विचारलं नाही. गाडीकडे बघून म्हणाल्या, "आणलीत का." तुमच्याकडे सगळे असंच बोलतात का? मला सवय करावी लागेल.

सकाळी धाकूच्या दारातून निघालो. भारा हौद्यात आहे. त्याने गाडीला नारळ फोडला, मग उजव्या फळीच्या खळग्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वलनाव सावकाश." मला सांगत होता की कोणाला, ते मी विचारलं नाही.

कल्याणहून सरळ मुरबाडचा रस्ता धरता आला असता. मी उलटा ठाण्याला गेलो, खोपटला. डेपोसमोर पिकअप लावायला जागा नसते. एक हवालदार आला, मी म्हटलं, दोन मिनिटं, बाटली घेऊन आलोच. तोंडातून तेच वाक्य निघालं. त्याने शिट्टी वाजवली नाही. स्टॉल तोच आहे, माणूस दुसरा. बाटली घेतली आणि सरळ गाडीत येऊन बसलो. एवढंच करायचं होतं. त्याला तीन वर्षं लागली.

रस्ताभर ती शेजारच्या सीटवर ठेवली होती, खाली पडू नये म्हणून रुमालात गुंडाळून. सीटचा पट्टा लावला नाही. तेवढाही वेडा नाही.

गाडी शेडमध्ये लावली आहे. रिव्हर्समध्ये, तिसऱ्या प्रयत्नात. उद्या यंत्राकडे निघायला सोपं पडेल. किल्ली दाराच्या वरच्या खोबणीत आहे. थंड असताना सुरू करून बघ, मी तापवून ठेवलेली नाही. डिझेल भरलेलं आहे.

लेख मी कालच पाठवून दिला, शेवटचा म्हणून. संपादक म्हणाले, कारण लिहा. मी लिहिलं, शेतीच्या हंगामामुळे. त्यांना तो विनोद वाटला.

तू मला यायला सांगितलं नव्हतंस हे माझ्या लक्षात आहे. साडेपाचची परतीची बस फाट्यावर थांबते, मी येताना पाहून ठेवलं. तू थांब म्हणालीस तर उद्या पेंढा उचलायला एक माणूस जास्त आहे. नाही म्हणालीस तर बस आहे, आणि या खेपेला ती मला चुकणार नाही. तोवर मी गाडीच्या हौद्यात बसतो, भाऱ्याशेजारी. तिथून पाड्याची वाट दिसते.

बाटली तुझ्या पायरीवर, सावलीत ठेवली आहे. पाणी गार राहिलेलं नाही.

स्वानंद